मीरानने पोचवलेला निरोप

आमच्या बेटावरच्या शाळेत परदेशी सर म्हणून एम्रिस आला, तेव्हा त्याला प्रिंटरच्या शेजारचं टेबल मिळालं. शिक्षकांच्या खोलीतली ती जागा कुणालाच नको असायची. येता-जाता कुणीतरी खांद्यावरून हात घालून कागद ओढणार, शाई संपली की शेजारी बसलेल्याकडेच रागाने बघणार. त्याच्या समोर मीरान बसायची आणि मीरानच्या शेजारी मी. मी संगीत शिकवते, इंग्रजीच्या वाटेला जात नाही. त्यामुळे या दोघांचं काय चाललंय हे मला निम्मं त्यांच्या चेहऱ्यांवरून कळायचं आणि निम्मं नंतर मीरान सांगायची.

मीरान आमच्या शाळेतली इंग्रजीची बाई, आडनाव तक. पंचेचाळिशीची, बारीक अंगाची, कुणाला दुखावलं तर रात्रभर झोप न येणारी. परदेशी शिक्षक आला की त्याला सांभाळायचं काम इंग्रजीच्या बाईच्या गळ्यात पडतं. वर्गात त्याच्यासोबत उभं राहायचंच, पण त्याचं बँकेचं खातं, दाताचा डॉक्टर, हिवाळ्यात बंद पडलेला बॉयलर, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूशी भांडण, हेही तिनेच बघायचं. त्याचा एक पैसाही जास्त मिळत नाही. पण मीरानने कधी कुरकुर केली नाही.

एम्रिस वेल्सचा, मेंढ्या पाळणाऱ्या एका खेड्यातला. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक प्योसरांनी सगळ्या पोरांसमोर त्याची ओळख ‘इंग्लंडहून आलेले सर’ अशी करून दिली. तो मीरानकडे वाकून म्हणाला, “त्यांना सांग, मी इंग्लंडचा नाही. आमच्या घरी इंग्रजी बोलतसुद्धा नाहीत, आमची भाषा वेगळी आहे.”

मीरानने माइक घेतला आणि म्हणाली, “सर म्हणतात, त्यांना आपलं बेट फार आवडलं.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्योसर खूश झाले. एम्रिसला वाटलं, वेल्ससाठीच टाळ्या पडल्या. तोही खूश झाला.

तेव्हापासून हे असंच सुरू झालं. प्योसर कोळ्याच्या घरातले, आवाज मोठा, मनात काही ठेवायचे नाहीत. एकदा म्हणाले, “तकबाई, त्या सरांना सांगा, वर्गात शिकवा, जत्रा भरवू नका. माझ्या खोलीपर्यंत गोंधळ ऐकू येतो.” मीरानने एम्रिसला सांगितलं, “पोरं तुझ्या तासाला किती रमतात, हे सरांच्या लक्षात आलंय.” दुसऱ्या दिवशी एम्रिसने पोरांना बाकांवर चढवून गाणं म्हणायला लावलं.

उलट बाजूनेही तेच. एम्रिस आपल्या देशात बारा-तेरा वर्षं मास्तरकी करून आला होता, आणि इथे त्याचं काम काय, तर पुस्तकातला संवाद मोठ्याने वाचायचा आणि पोरांनी मागून म्हणायचा. “मी काय टेपरेकॉर्डर आहे?” तो चिडून म्हणायचा. “त्यांना सांग, हे शिकवणं नव्हे. असंच करायचं तर मशीन लावा आणि मला घरी जाऊ द्या.” मीरान मुख्याध्यापकांना सांगायची, “सरांना पुस्तक चांगलं वाटतं. एखादा धडा आपल्या पद्धतीने घेऊन बघावा म्हणतात.” प्योसर म्हणायचे, “घेऊ दे की, पुढच्या वर्षी.” आणि एम्रिसला कळायचं, “सर विचार करतायत.”

खेळाचे पे सर तिला चिडवायचे, “मीरानबाईंच्या हातून शिवी पाठवली तरी पलीकडे जेवणाचं आमंत्रण पोचतं.” आम्ही हसायचो. मीरानही हसायची. शाळा सुखाने चालली होती, हे कसं नाकारायचं?

एम्रिस मात्र आतून कंटाळला होता. तास रद्द झाला की त्याला वर्गाच्या दारात गेल्यावर कळायचं. एकदा मीरान आजारी होती आणि त्याच दिवशी सगळी शाळा सहलीला गेली. जो तो समजला की दुसऱ्या कुणीतरी त्याला सांगितलं असेल. हा एकटाच रिकाम्या वर्गात उभा. सुट्टीत पोरं नाहीत, शिक्षक नाहीत, तरी करारात लिहिलंय म्हणून रोज येऊन प्रिंटरशेजारी बसायचा, पायात शाळेच्या चपला आणि अंगात ओव्हरकोट. आमची भाषा तो पोरांकडून शिकला, तीही व्हरांड्यात. त्यामुळे सगळ्यांना अरे-तुरे करायचा. प्योसरांनाही “तू जेवलास का?” म्हणायचा. ते खो खो हसायचे आणि पुढे निघून जायचे. त्याच्या टेबलाशी ते कधी थांबले नाहीत. काही बोलायचं असलं तर मीरान होतीच.

दुसऱ्या वर्षीच्या पानगळीत शाळेत खुला वर्ग ठरला. शिक्षण कार्यालयाचे साहेब, शेजारच्या शाळांचे शिक्षक, पालक, सगळे मागे खुर्च्या मांडून बसणार आणि एम्रिस-मीरान पुढे शिकवणार. प्योसर फेब्रुवारीत निवृत्त व्हायचे होते. जाता जाता नाव व्हावं म्हणून त्यांनी नवे पडदे मागवले, दारापुढच्या कुंड्या रंगवून घेतल्या. पोरांकडून तोच धडा पुन्हा पुन्हा घोटून घेणं चाललं होतं. “हे शिकवणं की नाटक?” एम्रिस म्हणाला. मीरानने यातलं काहीच वर पोचवलं नाही.

त्याच आठवड्यात सोमवारी एम्रिस सकाळी आला तोच पांढराफटक चेहरा घेऊन. बसलासुद्धा नाही. उभ्याउभ्याच मीरानला म्हणाला, आणि तेवढं इंग्रजी मलाही कळलं, “माझे वडील मरणार आहेत. बहिणीचा फोन आला होता. चार-पाच दिवस, फार तर. मला आज निघायचंय. आत्ता जाऊन विचार.”

करारात कुणी वारलं तर रजा होती. कुणी मरायला टेकलं तर नव्हती. त्यासाठी मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारात सोडायला हवं होतं. न विचारता निघून गेला असता तर करार मोडला असता, व्हिसा गेला असता.

मीरान लगेच उठून गेली. प्योसर फोनवर होते, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर कुणाशी तरी वाद चालला होता. फोन ठेवून म्हणाले, “काय तकबाई, पडदे बसले का?”

“बसले, सर. सर, एम्रिस सरांच्या वडिलांची तब्येत जरा बरी नाहीये.”

“अरेरे. वय काय?”

“ऐंशीच्या आसपास असतील.”

“हवा बदलली की म्हाताऱ्यांचं असंच होतं. माझी आईही परवापासून झोपून आहे. मग?”

“ते काळजीत आहेत. जमलं तर, सवडीने, एक चक्कर मारून यावी असं त्यांच्या मनात आहे.”

“येऊ दे की! गुरुवार पार पडू दे, मग खुशाल आठवडाभर जाऊन ये म्हणावं. आणि जाताना आपल्या बेटाच्या गिमचा एक मोठा खोका घेऊन जा, माझ्याकडून. म्हाताऱ्याला खाऊ दे आपलं शेवाळ.”

पुढे कितीतरी महिन्यांनी मीरानने मला हे शब्द जसेच्या तसे सांगितले. म्हणाली, “मी खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही गं. आपण असंच तर बोलतो. ‘जरा बरं नाहीये’ असं खाली बघून म्हटलं की समोरचा समजून घेतो. पण त्यांचं लक्ष पडद्यांत होतं. आणि मला ते दिसत होतं.”

परत येऊन तिने एम्रिसला सांगितलं, “सरांना फार वाईट वाटलं. गुरुवार झाला की लगेच निघ म्हणाले.”

“मरणार आहेत, हे सांगितलंस ना?”

“सांगितलं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला. प्रिंटर सुरू झाला, कुणीतरी कागद घेऊन गेलं. “एका तासासाठी,” तो म्हणाला. “एका नाटकासाठी तो माणूस मला अडवतोय.”

मीरान वह्या उचलून तासाला निघून गेली.

बुधवारी त्याने पुन्हा विचारलं. बहीण म्हणत होती, वडील अजून बोलतायत, नावं घेतायत. “पुन्हा जा, मीरान. परत एकदा सांग.” मीरान मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत गेली. आत शिक्षण कार्यालयाचा माणूस बसला होता, चहा चालला होता, प्योसर हसत होते. ती दारातूनच परत फिरली आणि एम्रिसला म्हणाली, “आता उद्याचाच तर प्रश्न आहे.”

गुरुवारचा वर्ग उत्तम झाला, असं सगळे म्हणाले. मीही मागे उभी होते. एम्रिस काही विसरला नाही, पोरांनी पाठ केलेली उत्तरं बरोबर दिली, साहेबांनी मान डोलावली. फक्त तो एकदाही हसला नाही. पाहुणे पर्सिमनची फळं आणि तांदळाचे केक खायला खालच्या मजल्यावर गेले. एम्रिसने खिशातून फोन काढून सुरू केला आणि तिथेच फळ्याला टेकून उभा राहिला. बहिणीचे फोन येऊन गेले होते. त्यांच्याकडे पहाट व्हायच्या आत वडील गेले होते, बरोबर आमच्या तासाच्या वेळी.

तो जिना उतरून थेट पाहुण्यांत गेला. मीरान त्याच्या मागे धावली, तिच्यामागे मी. त्याने प्योसरांना गाठलं आणि पोरांकडून शिकलेल्या आमच्या भाषेत म्हणाला, “माझा बाप मेला. तू म्हणालास थांब. मी थांबलो. बाप मेला.”

साहेबांच्या हातातला काटा तसाच राहिला. प्योसरांना आधी काही कळेना. मग त्यांनी मीरानकडे पाहिलं.

“तकबाई, हे काय? तुम्ही म्हणालात, जरा बरं नाहीये.”

मीरान खाली बघू लागली.

“मरायला टेकलेत असं कुठे म्हणालात? मी काय राक्षस आहे? त्यांना सांगा, मला ठाऊक असतं तर त्याच दिवशी मी स्वतः गाडीत घालून पोचवलं असतं. वर्ग गेला असता खड्ड्यात. सांगा त्यांना. हेच सांगा.”

एम्रिस विचारत होता, “काय म्हणतोय तो? मीरान, काय म्हणतोय?”

तिला तेव्हाही काहीतरी सावरून सांगता आलं असतं. मला वाटतं, आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो. पण तिने सांगितलं, शब्दाला शब्द. आपण काय सांगितलं होतं, त्यांनी काय ऐकलं, ते आता काय म्हणतायत. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की एम्रिसला वाकून ऐकावं लागलं. ऐकून झाल्यावर तो तिला रागावला नाही. मागे सरकला आणि भिंतीपाशी ठेवलेल्या पोरांच्या खुर्चीवर बसला, गुडघे छातीशी आले तरी तसाच.

प्योसरांनी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, कोट चढवला आणि गाडीची किल्ली घेतली. विमानतळाच्या बसला ग्वांगजूपर्यंत जावं लागतं. ते स्वतः त्याला तिथपर्यंत घेऊन गेले. मीरानने बरोबर येऊ का विचारलं, तर म्हणाले, “नको बाई, तुम्ही पाहुण्यांचं बघा.” ते रागाने म्हणाले नाहीत, पण मीरानला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

वडिलांना पुरायच्या वेळेला एम्रिस पोचला, एवढं खरं.

तो परत येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आला. करार फेब्रुवारीपर्यंत होता. वर्गात तो मीरानशी नीट बोलायचा, आधी होता तसाच. पण वर्गाबाहेर तिला काही सांगायला सांगत नव्हता. फोनमध्ये इंग्रजी बोलायचा आणि फोन त्याचं भाषांतर करून आमच्या भाषेत बोलायचा, तेही असं की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावा. “माझी खोली थंड आहे. हे मला मान्य नाही.” प्योसर स्वतः त्याच्या टेबलाशी यायचे, फोनपुढे तोंड नेऊन ओरडायचे, आणि दोघांचं कसंबसं जमायचं. प्योसरांनी त्याचं टेबल खिडकीपाशी हलवलं. तिच्यावाचून त्यांचं जास्त बरं चाललं होतं. मीरानने ते बोलून दाखवलं नाही, पण दिवसभर तिची नजर तिकडेच असायची.

डिसेंबरात, चपलांच्या कप्प्यांपाशी, तिने त्याला गाठून माफी मागितली. तो बूट घालत होता. म्हणाला, “या शाळेत माझ्याशी सगळ्यांत चांगलं कोण वागलं असेल, तर तू. म्हणून तर मी स्वतः उठून त्यांच्याकडे गेलो नाही. म्हटलं, मीरान गेलीय, आता आणखी काय करायचं.” मग नाडी बांधताना, वर न बघता म्हणाला, “वडील बहिणीला विचारत होते, तो निघाला का? ती म्हणायची, निघाला. तिनेही त्यांचं मन राखलं.”

नाडी बांधून झाली तसा तो उठून निघून गेला.

तो गेला त्या दिवशी बसस्टँडवर पोरं आली होती, पे सर आले होते, प्योसर गिमचा खोका घेऊन आले होते. मीरान सगळ्यांच्या मागे उभी राहिली. त्याने सगळ्यांशी हात मिळवले, तिच्याशीही. “सांभाळून राहा” म्हणाला. इंग्रजीत ते कुणीही कुणालाही म्हणतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

त्याच महिन्यात प्योसरांच्या निवृत्तीचं जेवण झालं. दोन पेले पोटात गेल्यावर ते मीरानशेजारी येऊन बसले आणि तिचा पेला भरत म्हणाले, “तकबाई, माझ्या खोलीपासून त्याचं टेबल किती लांब होतं? उठून गेलो असतो तर तोंडावर दिसलं असतं मला. मला नाही सुचलं.” मीरान पेला दोन्ही हातांत धरून रडली. त्यांनी तिला रडू दिलं.

पुढच्या वर्षी आम्हाला परदेशी शिक्षक मिळाला नाही. पोरं कमी झाली, पैसे कमी झाले, संवाद वाचून दाखवायला मशीन आलं. मीरानने बदली मागून घेतली. ती आता पलीकडे मोठ्या गावात व्याकरण शिकवते आणि कुणाचा निरोप कुणाला सांगत नाही. मध्ये मी तिच्याकडे गेले होते, हिवाळ्याच्या किमचीचा डबा घेऊन. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, “खारट झालीय.” पूर्वी ती असं कधी बोलली नसती. मी हसले. ती हसली नाही. डबा तिने झाकून फ्रीजमध्ये ठेवला, माझ्यासाठी चहा टाकला, आणि मी निघेपर्यंत आम्ही पोराबाळांबद्दल बोलत बसलो.