थंड झालेली पिशवी

मित्रांनो, मी लाल रबराची शेकायची पिशवी. माझं वय माझ्या बुचाला गुंडाळलेल्या दोऱ्यावरून ओळखा. कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा अगदी तुकतुकीत होते. मग औषधांच्या दुकानात फळीवर धूळ खात पडले, आणि एक दिवस शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं. उरलेल्या कापडाचं त्यांनी मला झबलं शिवलं. तेव्हापासून मीही त्यांना मनातल्या मनात आईच म्हणू लागले.

माझा स्वभाव भारी चौकस. पोटावर ठेवलं की मी कान लावून ऐकत बसते. काय काय चालतं म्हणून सांगू आत! कुठं गुडगुड, कुठं कळ, कुठं नुसताच वारा. पाळीच्या दिवसांत आईला माझ्या उबेनं खरंच बरं वाटायचं. तिची मुलगी टिल्ली. तिचं पोट परीक्षा आली की दुखायचं, आणि मला भरून आणेपर्यंत थांबायचंही. आई गालातल्या गालात हसायची. हळूहळू घरात पद्धतच पडली. पोट दुखतंय म्हटलं की कुणी काही विचारायचं नाही, पिशवी द्यायची आणि पडू द्यायचं. माझं कोण कौतुक व्हायचं!

एका दुपारी टिल्ली शाळेतून लवकर आली. बेंबीपाशी दुखत होतं. आईला संध्याकाळपर्यंत गणवेशांचा गठ्ठा शिवून द्यायचा होता. तिनं मला भरून टिल्लीच्या पोटावर ठेवलं आणि पुन्हा मशीनवर बसली. टिल्लीनं जेवण नको म्हटलं. मग उलटी झाली. आईनं येऊन पोटाला हात लावला, तर पोट गरम. पिशवीनं तापलंय असं म्हणून ती निर्धास्तपणे कामाला लागली.

मी मात्र बुचकळ्यात पडले. आज आतून गुडगुड ऐकूच येईना. दुखणं बेंबीवरून खाली उजवीकडे सरकलं होतं. टिल्ली पाय पोटाशी घेऊन पडली होती, आणि नुसतं खोकली तरी कळवळत होती. असलं पोट मी आजवर पाहिलं नव्हतं. आईला हाक मारावी असं फार वाटलं, पण मला तोंड आहे ते फक्त पाणी भरायला.

मशीन चालूच होतं. मी पोटावरून घसरून बाजूला पडले. माझ्यातलं पाणी कोमट झालं, मग पार थंड. आई मला पुन्हा भरून आणायला उठली आणि हातात घेताच थबकली. मी थंडगार होते. तिनं टिल्लीच्या पोटाला हात लावला, मग कपाळाला. दोन्ही भाजत होती.

“अगं, हा तर ताप आहे,” ती म्हणाली.

सुई कापडात तशीच सोडून तिनं टिल्लीला उचललं. घाईत मीही तिच्या काखेत राहिले, म्हणून तर पुढचं मला कळलं. डॉक्टरबाईंनी टिल्लीच्या पोटावर उजवीकडे हलकेच दाबलं. पोट कडक झालं होतं. अपेंडिक्स सुजलं होतं आणि ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं.

“मला वाटलं, नेहमीचंच आहे,” आई पुटपुटली.

“नेहमीचं असेल तेव्हा शेका की. पण शेकून दुखणं दबतं, आतली सूज नाही. आणखी थांबला असतात तर ते फुटलं असतं.”

ऑपरेशन होईपर्यंत आई बाहेर बाकावर मला घट्ट धरून बसली होती. माझ्यात ऊब उरली नव्हती, तरी ती मला सोडेना. मला फार वाईट वाटत होतं.

टिल्ली बरी होऊन घरी आली. तिनं ऐटीत टाके दाखवले. आईनं शिंप्याच्या नजरेनं ते निरखले, “बरा घातलाय टाका,” म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

आता मी खिळ्यावर लटकते. पोट दुखलं की आई आधी प्रश्नांची सरबत्ती करते. नेमकं कुठं दुखतंय? वाढतंय का? चालताना कळ येते? ताप, उलटी, रक्त? परवा टिल्लीनं सगळ्याला नाही म्हटलं आणि शेवटी कबूल केलं, उद्या गणिताचा पेपर आहे. मग मला बोलावणं आलं.

तर मित्रांनो, मला खुशाल घ्या, पण आधी विचारा, आणि दुखणं वेगळं वाटलं तर मला खिळ्यावरच राहू देऊन दवाखाना गाठा. पिशवी लवकर गार होते म्हणून लोक मला नावं ठेवतात. ठेवू देत. त्या दुपारी मी गार झाले, म्हणून आमची टिल्ली आज गणितं सोडवते आहे.