धक्क्याखालचे आजोबा

सुट्टी खरं तर नवरा-बायकोची ठरली होती. नवरा कापडाच्या गिरणीत बॉयलरवर, बायको मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर. दोघांना एकाच आठवड्यात रजा मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. तिची हौसही फार मोठी नव्हती. दिवसभर उकळत्या हौदांच्या वाफेत उभी राहणारी बाई ती. तिला एकदा असं पाणी बघायचं होतं ज्याच्यात साबण नाही. वर्षभर पोटाला चिमटा काढून दोघांनी एका बेटाची तिकिटं काढली आणि निघायच्या आदल्या आठवड्यात गिरणीत बॉयलरची तपासणी निघाली. रजा रद्द.

तिकीटवाला म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत, नाव मात्र बदलून मिळेल.

"ताईला घेऊन जा," नवरा म्हणाला.

"अहो, त्यापेक्षा मी बॉयलर घेऊन जाते!"

पण तिकीट फुकट घालवणं दोघांच्याही जिवावर आलं. तेव्हा वन्संचं नाव लागलं.

वन्संची सगळी हयात बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेली होती. आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, उभं केलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. आता त्या निवृत्त होऊन मागच्याच गल्लीत राहत आणि रोज संध्याकाळी येऊन भावाच्या घराची तपासणी करून जात. भांडी कशी लावली आहेत, दिवे कुठले उगाच चालू आहेत, सगळं. वहिनीशी त्यांचं भांडण असं कधी झालं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. एका ताटात जेवणाऱ्या दोन परक्या बायका.

प्रवाशांची चकचकीत बोट त्यांना परवडणारी नव्हती. त्या मालाच्या बोटीतून निघाल्या. सिमेंटच्या गोण्या, कोंबड्यांचे खुराडे, एक उलटं ठेवलेलं कपाट आणि त्यातून उरलेल्या जागेत माणसं. सगळे दाराशीच गर्दी करून उभे. वन्संना ते बघवेना. त्या उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दारात थांबू नका! पुढे सरका, पुढे सगळी जागा रिकामी आहे!"

आणि माणसं सरकली. खलाशी हसत म्हणाला, "मावशी, इथेच राहता का कामाला?"

वहिनी मान खाली घालून बसली होती. अजून आठवडा काढायचा आहे, असं तिच्या मनात आलं.

खोली मासळीच्या धक्क्याला लागून होती. खाली मासे धुवायची पत्र्याची शेड, वर ती एकच खोली. पांढरा चुना मारलेल्या भिंती, दोन खाटा, कपडे अडकवायला एक खिळा आणि एक खिडकी. खिडकी उघडली की वास आत येई, बंद केली की जीव गुदमरे. मालकीण खालच्या शेडमध्ये स्वतः मासे धुवायची. कोपरापर्यंत खवले चिकटलेले हात कमरेवर ठेवून ती म्हणाली, "वासाचे पैसे कापूनच भाडं सांगितलंय हं."

वन्संना ती बाई एकदम पसंत पडली.

पहिले दोन दिवस असेच गेले. पहाटे शेडमधल्या टोपल्यांच्या आदळआपटीने जाग यायची. मग पाव, उकडलेली अंडी, बाजार उठताना स्वस्तात मिळालेली केळी अशी शिदोरी बांधून दोघी किनाऱ्यावर जात. खुर्चीछत्रीवाला पैसे मागायला आला की वन्सं खाटेवरची चादर पसरून बसत आणि डोक्यावर घरून आणलेली काळी छत्री धरत. पायातले बंद बूट त्यांनी एकदाही काढले नाहीत. वहिनी गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राही. पायाखालची वाळू निसटली की तिच्या पोटात गोड खड्डा पडे आणि ती एकटीच हसे. इतकं पाणी, इतकं स्वच्छ की स्वतःच्या पायाची नखं दिसावीत! तिला कुणाला तरी हाक मारावीशी वाटे. मागे वळून बघितलं की छत्री.

"या ना वन्सं, जरा पाय तरी भिजवा."

"बघितलं की इथून. पाणी आहे."

तिसऱ्या दिवशी ठिणगी पडली. काचेच्या तळाची एक बोट बाहेरच्या खडकांपर्यंत जायची. खालची रंगीत दुनिया बसल्या जागी दिसते, असं बोटवाला ओरडून सांगत होता. वहिनीने भाडं विचारलं. ते ऐकून वन्संनीच उत्तर दिलं, "एवढ्यात आपलं दोन दिवसांचं जेवण होतं. पाणी बघायला कुणी पैसे देतं का? आणि काच काय, घरी नाही?"

"तुम्हाला काहीच बघायचं नव्हतं तर आलात कशाला?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं. "त्यांच्या जागी आलात आणि माझी सुट्टी मात्र—"

पुढचं तिने गिळलं. पण बाण सुटला तो सुटलाच. वन्संनी छत्री मिटली, चादर झटकली आणि खोलीकडे चालू लागल्या. त्या रात्री दोघी भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सकाळी वहिनीला नेहमीसारखी टोपल्यांच्या आवाजाने जाग आली. उजाडलं होतं. वन्संशी नजरानजर व्हायला नको म्हणून ती चपला हातात घेऊन जिना उतरली आणि धक्क्याच्या टोकाकडे निघाली. तिथे दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. मालकीण आणि आणखी दोघी बायका जाळ्यातली बारीक मासळी धुऊन ते गढूळ पाणी धक्क्यावरून खाली ओतत होत्या. ओतलेल्या पाण्याबरोबर कितीतरी चंदेरी कण चमकत खाली जात होते.

वहिनी वरच्या पायरीवर बसली. मनात वन्संशी भांडण चालूच होतं. समोरचं पाणी हिरवं आणि शांत होतं. मग त्या हिरव्यात एक काळसर डाग उमटला. ढगाची सावली असेल म्हणून तिने वर बघितलं. वर आभाळ निरभ्र होतं.

सावली जवळ येत होती. तिच्यावर ठिपके होते. पांढरे, गोल, रांगेत बसवल्यासारखे, जणू कुणी बोट चुन्यात बुडवून एकेक ठिपका उमटवला असावा. ठिपके संपेचनात. डोकं पायऱ्यांशी आलं तरी शेपूट धक्क्याच्या पलीकडेच, सावकाश इकडून तिकडे, कसलीही घाई नसल्यासारखं हलत होतं. उठून पळावं असं वहिनीला वाटलं, पण ती पायरीला चिकटून बसली.

तो मासा होता.

ओतलेलं पाणी पडत होतं तिथे तो आला, पाण्यात सरळ उभा झाला आणि त्याने तोंड उघडलं. दार उघडावं तसं. त्या तोंडात पाणी असं ओढलं जाऊ लागलं, जसं धुलाईघराच्या मोठ्या हौदाचं बूच काढल्यावर जातं. बारीक चंदेरी कण सगळे आत. दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांचे पडदे फुगत होते, मिटत होते. आवाज म्हणाल तर नुसता घोट घेतल्याचा.

"घाबरू नका," मालकीण वरून म्हणाली. तिने टोपली खाली ठेवली नव्हती, पण आवाज हळू केला होता. "आजोबा आहेत. माणसाला काही करत नाहीत. दात नाहीत म्हणा ना, हे असलं बारीक खातात."

"आजोबा?"

"माझी आजेसासू पण आजोबाच म्हणायची. हेच ते, की त्यांचा नातू, कुणाला ठाऊक."

"अहो, मग आम्हाला आधी सांगायचं नाही का!"

"सांगू कसं? येतात तेव्हा येतात. मी सांगावं आणि त्यांनी येऊ नये, की लोक भाडं परत मागतात."

वहिनी उठली. चपला तिथेच टाकून ती धावत सुटली, जिना चढली आणि दारातूनच ओरडली, "वन्सं! चला! आधी चला!"

वन्सं बूट घालत होत्या. "काय झालं? आग लागली का?"

"चला म्हणते ना!" तिने आयुष्यात पहिल्यांदा वन्संचा हात धरला आणि ओढलं. एका पायात बूट, एक पाय मोकळा, अशा वन्सं खाली आल्या.

तो गेला असेल, अशी वहिनीला भीती होती. गेला नव्हता. आता तो आडवा होऊन धक्क्याच्या कडेने सरकत होता, एवढा जवळ की पाठीवरचे लांब उंचवटे मोजता आले असते. बारक्या माशांचा एक थवा त्याच्या पोटाखाली सावलीला चालला होता.

वहिनीने वन्संकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्या बाईचं तोंड नुसतं उघडं आणि मुकं असं तिने कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्या पुटपुटल्या, "माझ्या गाडीत मावला नसता गं."

मग त्यांनी पायातला तो एक बूटही काढला. वहिनीला कळायच्या आत त्या पायऱ्या उतरू लागल्या. साडी भिजली, गुडघे बुडाले, तरी थांबेनात. वहिनी मागोमाग धावली. कमरेएवढ्या पाण्यात, बुळबुळीत पायरीवर, दोघी एकमेकींना घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"हात लावू नका," मालकीण म्हणाली. "नुसतं उभं राहा."

आजोबा वळले आणि परत आले. पाणी आधी हललं. त्याचा दाब पोटाला जाणवला. मग ते सपाट डोकं हातभर अंतरावरून पुढे सरकलं आणि तोंडाच्या कोपऱ्यात एक डोळा दिसला. एवढ्या डोंगराला तो एवढुसा डोळा! तो फिरला. वहिनीला शपथेवर सांगता आलं असतं, की त्याने आधी तिला बघितलं, मग वन्संना. त्या बघण्यात राग नव्हता, भूक नव्हती, उत्सुकतासुद्धा फारशी नव्हती. इथे दोन बायका उभ्या आहेत, एवढीच नोंद. तरीही तिला भरून आलं. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आणि घरच्याने "असू दे" म्हटलं, असं काहीसं तिला वाटलं.

ठिपके गेले, गेले, जातच राहिले. शेवटी शेपूट गेलं. त्याच्या एका फटकाऱ्याने उठलेल्या लाटेने दोघींना गळ्यापर्यंत भिजवलं. हिरव्या पाण्यात सावली उरली, मग तीही विरली.

वन्सं रडत होत्या. हुंदका नाही, आवाज नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी.

"त्याला आणायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या. "लहान असताना रोज विचारायचा, ताई, समुद्र केवढा असतो? मी म्हणायची, मोठा झालास की बघ. मी तरी कुठे पाहिला होता?"

"काल मी बोलायला नको होतं," वहिनी म्हणाली.

"बोललीस ते खरंच होतं. पण आता वर चल, पुढे सरक, पायरीवर शेवाळ आहे."

दोघी तशाच भिजलेल्या हसू लागल्या, इतक्या की मालकिणीने वरून विचारलं, "बाई, काय झालं?"

दुपारी वन्संनी भावाला फोन लावला. "अरे, केवढा म्हणून सांगू," असं म्हणून त्या हात पसरू लागल्या आणि फोनवर हात दिसत नाहीत हे ध्यानात येऊन थांबल्या. मग फोन वहिनीकडे दिला. तिलाही सांगता येईना. नवरा पलीकडून ओरडत होता, "अगं, कोण आजोबा? कुणाचे आजोबा?"

उरलेल्या दिवसांत आजोबा काही आले नाहीत. दोघी रोज उजाडताच पायऱ्यांवर जाऊन बसत, पाय पाण्यात सोडून. काचेच्या बोटीचं नाव वहिनीने पुन्हा काढलं नाही. वन्संनी मात्र एकदा काढलं, पण तोवर खरंच जेवणापुरतेच पैसे उरले होते.

निघायच्या आदल्या दुपारी मालकीण काम आटोपून धक्क्याशेजारच्या संथ पाण्यात उताणी पडली होती, पानासारखी. वन्सं बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"असं बुडत कसं नाही हो?"

"अंग सोडलं की पाणी धरतं. या."

वन्सं गेल्या. आयुष्यभर हलत्या गाडीत दांडा धरून उभं राहिलेलं ते अंग सहजी सुटणारं नव्हतं. मान ताठ, मुठी आवळलेल्या; दोनदा पाणी नाकात गेलं. तिसऱ्यांदा वहिनीने त्यांच्या पाठीखाली दोन्ही तळवे धरले.

"सोडा वन्सं. मी आहे."

हळूहळू मान मऊ झाली. मुठी उघडल्या. पिकलेले केस पाण्यावर पसरले. तळव्यांवरचं ओझं कमी कमी होत गेलं आणि मग काही उरलंच नाही. वहिनीने हात काढून घेतले. वन्संना ते कळलं नाही. त्या डोळे उघडे ठेवून सबंध आभाळाकडे बघत होत्या.

"केवढं आहे गं हे," त्या म्हणाल्या.

वहिनी त्यांच्या शेजारी, छातीएवढ्या पाण्यात, मुळीच न हलता उभी राहिली.