सूचनेत नसलेलं नाव

अदुमक्रोमच्या मोटारथांब्यावर फळ्यांची एक खोली आहे आणि तिच्या डोक्यावर, लोखंडी खांबाला, चार दिशांना तोंडं केलेले चार कर्णे. गावात काय झालं आणि काय होणार, ते आधी या कर्ण्यांना कळायचं, मग माणसांना. रोज पहाटे पाचला बिरागो कुलूप काढी, दिवा लावी आणि स्टुलावर बसण्याआधी उभ्यानंच डोळे मिटून देवाला म्हणे, "आज माझ्या तोंडून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस." एकतीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. शुक्रवारचा उपास आणि हे मागणं, दोन्ही तिनं तापातसुद्धा मोडलं नव्हतं. मग ती माइकवरचा रुमाल उलगडून घडी घालून मांडीवर ठेवी आणि वाचायला लागे.

"बुधवारी दवाखान्यात लहान मुलांना लस टोचणार आहेत, आयांनी पिवळं कार्ड विसरू नये. गुरुवारी शेतावर कोणी जायचं नसतंच, तेव्हा ओढ्याची वाट साफ करायला घरटी एका माणसानं कोयता घेऊन यावं. शाळेचे मास्तर कळवतात की परवाच्या लग्नात त्यांची डाव्या पायाची चप्पल बदलली गेली. ज्यानं नेली त्याच्याकडे आता दोन डाव्या आहेत. त्यानं विचार करावा."

'त्यानं विचार करावा' हे मास्तरांनीच लिहिलेलं होतं. बिरागो स्वतःचं काही घालत नसे. कागदावर असेल ते, असेल तसं. ही शिस्त तिची नव्हती, बापाची होती.

तिचा बाप तानो गावात दवंडी पिटायचा. तेव्हा कर्णे नव्हते, वीज नव्हती. उन्हं उतरली की तो खांद्यावर कापड टाकून निघे, हातात लोखंडी घंटा आणि लाकडी टिपरू. सात ठिकाणी थांबे. विहिरीपाशी, लोहाराच्या भट्टीपाशी, चर्चपाशी, असं करत शेवटी स्वतःच्या दारापाशी. मागे पोरांची शेपटी, आणि त्या शेपटीच्या टोकाला बिरागो. घंटा वाजली की उखळात मुसळ थांबायचं. आंघोळ करणारी बाई अंगाला साबण तसाच ठेवून ऐकायची. अख्खं गाव एकाच वेळी गप्प व्हायचं, आणि त्या गप्पपणात बापाचा आवाज. आता लोक कर्णा चालू असतानाही भांडतात, जेवतात, फोनवर बोलतात. बिरागोला त्याचा राग येत नसे. फक्त एखाद्या पहाटे वाचता वाचता मध्येच थांबून ती कान देई, आणि बाहेर कुणाचं तरी रेडिओवरचं गाणं ऐकू येई.

एकदा ओढ्यात केर टाकल्याबद्दल तिच्या आईलाच दंड झाला. एक मेंढा. दवंडी बापानं पिटायची. आई म्हणाली, "सहा ठिकाणी सांग, सातवं आपलं दार आहे, तिथं कोण ऐकतंय?" बाप सहाही ठिकाणी ओरडला आणि सातव्या ठिकाणी, आपल्याच दारात, आईकडे तोंड करून, तितक्याच मोठ्यानं ओरडला. तीन दिवस त्याला घरात जेवण मिळालं नाही. तो म्हणायचा, "हे तोंड माझं नाही. ज्यानं निरोप दिला त्याचं आहे."

त्या मंगळवारी दुपारी अम्पोफो कागद घेऊन आला. तो अदुसेई सुताराचा धाकटा भाऊ, आणि त्यांच्या आईच्या घराण्याचा कारभारी. अदुसेईला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि गावच्या रिवाजाप्रमाणे आता शनिवारी त्याचं मयत होतं.

"एनो, शनिवारचा कागद," तो म्हणाला. थोरल्या बाईला गावात 'एनो', आई म्हणूनच हाक मारतात.

"बसा, आग्या." थोरल्या पुरुषाला आग्या, बाप.

बिरागोनं चष्मा लावला. मृताचं नाव. शोकप्रमुख अम्पोफो. बहीण तिवा. मग भाचे-भाच्या, अकरा नावं, त्यातला एक इटलीत. पुढे चर्च, वेळ, लाल-काळे कपडे घालून यावं. तिनं कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"आग्या, एक नाव राहिलंय वाटतं."

"राहिलेलं नाही. ठेवलेलंच नाही."

"फोसुआ..."

"कोण फोसुआ? केंकेवाली?" अम्पोफोनं खुर्ची पुढे ओढली. "आमच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या घरी लग्नाच्या दारूच्या बाटल्या नेलेल्या तुम्ही पाहिल्यात? नाही ना? बाटल्या गेल्या नाहीत म्हणजे लग्न झालं नाही. मग विधवा कुठून आली?"

"बाटल्या गेल्या नाहीत, खरं आहे. पण त्याचे कपडे तिच्याच दोरीवर वाळायचे हो."

"दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांनी लग्न लागत असतं, तर त्या नाक्यावरच्या कपडे धुणाऱ्याला शंभर बायका झाल्या असत्या." त्याला स्वतःलाच हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "आणि नीट ऐका, एनो. माझ्या भावाच्या नावाला लागून त्या बाईचं नाव कर्ण्यावर येता कामा नये. आलं, तर गावप्रमुखांच्या अंगणात भेटू."

तो गेल्यावर बिरागोनं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. ज्याचं नाव सूचनेत नाही, त्याला मयताच्या मांडवात खुर्ची नाही. त्याचा हात कुणी हातात घेत नाही, त्याला कुणी 'सोस बाई' म्हणत नाही. मूलबाळ असतं तर मुलांच्या यादीत तरी फोसुआचं रक्त बसलं असतं. तेही नव्हतं.

फोसुआ किनाऱ्याकडची. तरुणपणी डोक्यावर सुकट मासळीची टोपली घेऊन या डोंगराळ गावात आली आणि राहिली. अदुसेईनं तिला बसायला स्टूल करून दिलं, मग केंके उकडायला लाकडी शेड, मग स्वतःच शेडमागच्या खोलीत राहायला गेला. त्याची आई म्हणाली, "किनाऱ्यावरच्या पोरीकडे माझ्या घरच्या बाटल्या मी जिवंत असेपर्यंत जायच्या नाहीत." म्हातारी चौऱ्याण्णव वर्षं जगली. तोवर दोघांचे केस पांढरे झाले होते, आणि आता बाटल्या घेऊन कसं जायचं याची अदुसेईला लाज वाटायला लागली होती. पहाटे बिरागो खोलीकडे निघायची तेव्हा तो शेडपुढे वाकून चुलीत फुंकर घालत असायचा. "एनो, आज काय बातमी?" "तुझ्याबद्दल काही नाही, अदुसेई." "देवाची कृपा," तो म्हणायचा, आणि धुरानं खोकायचा.

संध्याकाळी ती फोसुआकडे गेली. फोसुआ केंकेसाठी आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे केळीच्या पानांत गुंडाळत होती. वर न बघता तिनं विचारलं, "माझं नाव आहे?"

"नाही."

एक गोळा. दुसरा गोळा. "आणि तू ते तसंच वाचणार."

"जे आहे ते वाचणार."

"एक शब्द घातलास तर कोण मरतंय, बिरागो? मरायचा तो तर मेला."

"अगं, एक शब्द घातला की उद्या लोक म्हणतील, हिनंच घातला असेल. मग लशीचा वारसुद्धा कुणी खरा धरणार नाही."

"मग टोच लस. जा."

एरवी ती बिरागोला रिकाम्या हातानं जाऊ देत नसे. त्या दिवशी एकही गोळा तिच्या ओच्यात आला नाही. रस्ताभर बिरागोला बापाची आठवण येत राहिली, आणि पहिल्यांदाच आईची बाजूही कळली. तीन दिवस जेवण न देणाऱ्या बाईच्या मनात काय असेल, याचा तिनं आजवर कधी विचारच केला नव्हता.

बुधवारी आणि गुरुवारी पहाटे तिनं अम्पोफोचा कागद शब्दन् शब्द वाचला. बहीण तिवा. अकरा भाचे. एक इटलीत. आवाज कुठे हलला नाही.

गुरुवारी संध्याकाळी फोसुआ खोलीच्या दारात उभी राहिली. हातात वहीचं पान.

"हे घे. माझ्या गिऱ्हाइकांसाठी आहे. सगळ्यांचं वाचतेस, माझंही वाच."

फोसुआचं अक्षर मोठं, शाळेतल्या मुलीसारखं. बिरागोनं वाचलं: 'फोसुआ केंकेवाली कळवते की माझा माणूस अदुसेई सुतार वारला. शुक्रवारपासून एक वर्ष माझी चूल पेटणार नाही. कुणी भांडी घेऊन येऊ नये.'

"तुला हे कुणी सुचवलं?"

"सुचवायचं काय त्यात? माणूस गेल्यावर बाई वर्षभर धंदा करते का? तीन आठवडे केला, कारण मी कोण ते मलाच कळेना. आता कळलंय." ती वळली आणि परत फिरली. "वाचायचं नसेल तर आत्ताच सांग. मी दारोदार जाऊन सांगेन, पाय आहेत मला."

पान घडी करून बिरागोनं बायबलमध्ये ठेवलं.

शुक्रवारी पहाटे ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस, असं ती रोज मागत आली होती. पण आज वाचलं तर अम्पोफोचा अपमान आणि नाही वाचलं तर फोसुआचा. देवानं काही सांगितलं नाही. आठवलं ते एवढंच, की सातव्या दारापाशी बाप थांबला होता, आणि गप्प बसून पुढे जाणं त्याला सहज जमलं असतं. आपल्या मनाचं घालायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. पण मग आपल्या मनानं गाळायचं तरी कसं? दोन्हीत तोंड आपलंच वापरायचं झालं.

कागद आले त्या क्रमानं लागले होते. आधी अम्पोफोचा. मग शेजारच्या गावाशी रविवारी होणारा फुटबॉलचा सामना. मग फोसुआचा. ती शांतपणे तिन्ही वाचत गेली. 'माझा माणूस अदुसेई सुतार' या शब्दांवर ती थांबली नाही आणि घाईही केली नाही.

रुमाल बांधून होतो न होतो तोच अम्पोफो दारात. अंगावर घरचं कापड तसंच गुंडाळलेलं, पायात काही नाही.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"त्याच्या नावाला लागून येऊ नये म्हणालात. मध्ये फुटबॉलचा सामना होता, आग्या."

"चेष्टा करताय?"

"नाही हो. तुमच्या कागदातला एक तरी शब्द इकडचा तिकडे झाला का?"

"नाही झाला."

"मग तिचाही नाही. तिनं लिहून आणलं, मी वाचलं. प्रमुखांकडे जायचं असेल तर चला, मी पदर खोचूनच बसले आहे. पण आज उपास आहे, मला हळू चालावं लागेल."

बाहेर थांब्यावर गलका चालला होता. गाड्यांचे ड्रायव्हर रोज फोसुआकडे केंके आणि तिखट खाऊनच गाडी सुरू करत. आज ते थंड चुलीपुढे रिकामी ताटं घेऊन उभे होते. नव्यानं आलेला माणूस विचारी, बंद का? आणि चारजण एकदम सांगत, "नवरा गेला तिचा." प्रत्येक वेळी ते वाक्य फळ्यांमधून आत येई. दहा मिनिटांत अम्पोफोनं ते सहा-सातदा ऐकलं असेल. मग तो निघून गेला. प्रमुखांच्या अंगणाकडे नव्हे, घराकडे.

शनिवारी मांडव गच्च भरला. घराण्याची माणसं रांगेनं खुर्च्यांवर, लाल-काळ्या कपड्यांत. फोसुआ मांडवात आली नाही. रस्त्यापलीकडे बदामाच्या झाडाखाली तिनं आपलं स्टूल टाकलं आणि काळं कापड पांघरून बसली. मांडवाकडे पाठ नाही, पण नजरही नाही.

भेटायला येणारे रिवाजाप्रमाणे उजवीकडून रांगेला हात देत चालले. ड्रायव्हर लोक आले. अकरा भाचे, अम्पोफो, तिवा, सगळ्यांचे हात हातात घेऊन झाले. मग ड्रायव्हरांतला सगळ्यांत जाडा, जो रोज चार गोळे खायचा, तो मांडवाबाहेर पडला, रस्ता ओलांडला आणि फोसुआपुढे वाकला. "सोस, एनो." त्याच्यामागे दुसरा. मग मास्तर. मग दवाखान्यातली नर्स. रांग मांडवाच्या टोकाला संपायची ती आता रस्ता ओलांडून झाडाखाली संपू लागली. एक ट्रक थांबून राहिला तरी कुणी हटलं नाही.

दुपारी तिवा उठली. तिनं आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि पाय ओढत ओढत रस्त्यापलीकडे नेऊन फोसुआच्या शेजारी टेकवली. "गुडघे दुखतात माझे. इथं सावली आहे," ती मोठ्यानं म्हणाली. अम्पोफो समोर बघत राहिला.

रविवारी पांढऱ्या कपड्यांत आभाराची प्रार्थना झाली आणि संध्याकाळी अम्पोफो आभाराचा कागद घेऊन खोलीवर आला. तो बसला नाही. छापील मजकुराच्या खाली एक ओळ पेन्सिलीनं लिहिलेली होती: 'आणि फोसुआ हिचे आभार, जिनं तीस वर्षं त्याचं घर चालवलं.'

विधवा हा शब्द त्यात नव्हता. बिरागोनं पुन्हा पाहिलं. नव्हताच. "हे असंच वाचू?"

"लिहिलंय ना? मग वाचा." जाता जाता दारात थांबून तो म्हणाला, "आमची आई असती तर हेही लिहू दिलं नसतं तिनं. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, आग्या."

सोमवारी पहाटे बिरागोनं ती ओळ वाचली. बाहेर कुठला तरी रेडिओ चालू होता, तो मध्येच कुणीतरी बंद केला. ती खोली बंद करत होती तेव्हा फोसुआ आली. डोळे सुजलेले, आणि चेहऱ्यावर राग.

"तीस नाही, बत्तीस. मोजता येत नाही का त्या माणसाला?"

"मी कागदावर होतं ते वाचलं."

"तुझ्यावर कोण चिडलंय? चूक त्याची आहे." फोसुआनं डोळे पुसले आणि आत येऊन स्टुलावर बसली. "दे मला एक कोरा कागद. आणि पेन दे. पेन्सिल नको."