वडिलांचं नाव

गावच्या मुख्तारानं, म्हणजे सरपंच सालिहनं, 'वडिलांचं नाव' या ओळीवर पेन टेकवलं आणि तो तिथंच अडला.

"लिहा हो, माहीत नाही म्हणून," एमेते म्हणाली. शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याकडे, दुर्सुनकडे, तिनं पाहिलं नाही.

सायप्रस बेटाची ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर अशी फाळणी झाली, तेव्हा दुर्सुनचे आईबाप तुर्कस्तानातून बोटीनं उत्तरेत आले. पळून गेलेल्या ग्रीकांचं एक घर त्यांना मिळालं, आणि त्याच घरात तो जन्मला. एमेते बेटावरचीच. दक्षिणेकडचं सरकार तिला नागरिक मानत होतं, पण तिच्या लेकीला, इल्कायला, मानायला तयार नव्हतं. कारण बाप उपरा. बापच नसता तर प्रश्न नव्हता. राहत्या घराचा काडीचा भरवसा नाही, मूळ मालक उद्याही दारात उभा राहील. पोरीला देण्यासारखं दक्षिणेतलं आजोळचं शेत तेवढं होतं आणि तेही नागरिक झाल्याशिवाय हाती लागणार नव्हतं. म्हणून लग्नाचा कागद दाखवायचाच नाही, ही युक्ती दुर्सुननंच काढली होती.

"दोन साक्षीदार लागतील," मुख्तार म्हणाला. "एक मी."

"दुसरा मी," दुर्सुन घाईनं म्हणाला. "गावातलाच आहे की."

"अरे काळदाढ्या, तुझी सही तिकडं चालते कुठं?"

तुर्कस्तानातून आलेल्यांना गाव याच नावानं चिडवत असे. एरवी दुर्सुनही हसायचा.

समोरच्या कॉफीच्या दुकानातून हुस्नूमामाला बोलावलं. इल्काय जन्मली तेव्हा त्याच्याच दुकानात दुर्सुननं सगळ्या गावाला कॉफी पाजली होती. म्हाताऱ्यानं कागद लांब धरला, जवळ धरला.

"चष्मा घरी राहिला. वाचा कुणीतरी. न वाचता मी सही करत नसतो."

मुख्तार खिडकीबाहेर बघू लागला. एमेतेनं रुमालात तोंड लपवलं. शेवटी दुर्सुननंच कागद घेतला.

"एमेतेची मुलगी इल्काय हिचा बाप कोण, हे गावात कुणालाही ठाऊक नाही."

हुस्नूमामा त्याच्याकडे बघतच राहिला.

"माझं वय झालंय रे. खोट्यावर सही करून वर अल्लाला काय तोंड दाखवू? तूच सांग दुर्सुन, खरं आहे हे?"

दुर्सुननं कागद त्याच्यापुढं सरकवला.

"खरं आहे, मामा," तो म्हणाला, आणि सहीची जागा त्यानं बोटानं दाखवली.