'म्हशी राख' म्हणणाऱ्यांना

मित्रांनो, मी एक जुनी म्हैस आहे. म्हातारी म्हणू नका. म्हातारी माणसं होतात आणि मग दिवसभर ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या पोरांचे मार्क विचारतात. मी नुसती जुनी आहे. माझं मत आजवर कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.

तुम्ही अभ्यास केला नाही की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "शिकला न्हाईस तर म्हशी राखाव्या लागतील." पुढारी व्हावं लागेल, असं कुणी म्हणत नाही. जगातली सगळ्यात वाईट शिक्षा म्हणजे माझी सोबत, असा तुमचा हिशेब. सकाळी चहात माझं दूध, दुपारी भाकरीवर माझं लोणी, रात्री भातावर माझं दही, आणि तोंडाने मात्र 'म्हशी राख'. अशा तोंडांना मी वर्षानुवर्षं पोसलं आहे.

माझा जन्म निमोण्याचा, रंगुबाईच्या गोठ्यातला. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव चंद्री. शिंगं मागे पार खांद्यापर्यंत गेलेली. एवढी लांब शिंगं वागवते कशी, असं येणारेजाणारे विचारायचे. म्हशीला शिंगं जड नसतात, हे त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं. रंगुबाईची लेक ललिता न्हावऱ्याला दिलेली होती. लेकीच्या घरी दुधाचं भांडं भरलेलं असावं म्हणून मी अजून न व्यालेली वगार असतानाच रंगुबाईने मला न्हावऱ्याला धाडलं. तेव्हा ललिताची मुलगी सीमा प्राथमिक शाळेत होती आणि माझ्या शेपटीला घाबरत होती.

ललिताचा नवरा ज्ञानदेव दौंडला रेल्वेत खलाशी होता. रोज एसटीने जायचा-यायचा. माणूस सरळ, पण त्याने माझ्या दाव्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही. त्याचा बाप जन्मभर गावाची गुरं राखत होता, तेही शिळ्या भाकरीवर आणि 'ए' म्हणून मारलेल्या हाकेवर. म्हणून ज्ञानदेवने शपथ घेतली होती, की आपल्या घरात पुन्हा कुणी दावं धरायचं नाही, पोरीने तर नाहीच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली सीमाची पुस्तकं, आणि पुस्तकांना हात लावण्याआधी हात धुवायचे. हे सगळं मला समजतं. शपथेचं कारण तर फारच समजतं. पण त्या शपथेत दुधाचा ग्लास बसत होता आणि दूध देणारी बसत नव्हती, याची मला गंमत वाटायची.

ललिता मात्र कामाची बाई. शपथ नवऱ्याची, दावं तिचं. कास कोमट पाण्याने धुवायची, रेडकू क्षणभर लावायची, पुढ्यात पेंड ठेवायची आणि मी पान्हा सोडेपर्यंत गप्पा मारायची. डेअरीत माझ्या दुधाची फॅट गावात वरची असायची. डेअरीतलं फॅटचं यंत्र बाबुलालभाई चालवायचे. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, त्यात अॅसिड घालायचं, यंत्राचा दांडा गरगरा फिरवायचा. मग नळीच्या मानेत पिवळी चरबी उभी राहते. ती जितकी उंच, तितके माझे मार्क. म्हणजे बघा, तुमची परीक्षा वर्षातून एकदा आणि माझी रोज दोनदा. तरी मी कधी पेपर अवघड होता म्हणून रडले नाही.

सीमा दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा ज्ञानदेवने अख्ख्या वस्तीत पेढे वाटले. बारावीही नीट पार पडली. मग ती दौंडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जाऊ लागली. सकाळच्या एसटीत बापलेक शेजारी बसून जायचे, आणि ज्ञानदेव ओळख असो नसो, कंडक्टरपासून सगळ्यांना सांगायचा, "माझी पोरगी सायन्सला हाय." त्या घरात एवढी वर्षं फॅट मी देत होते, पण माझं नाव एसटीत कधी निघालं नाही.

मग एफ. वाय.चा निकाल लागला. फिजिकल केमिस्ट्रीत ऐंशीपैकी एकोणीस.

दुपारच्या गाडीने सीमा आली ती घरात न जाता थेट गोठ्यात आली. माझ्या मानेवर डोकं टेकून रडली. माझ्या मानेवर आधीच गोचिडं होती, त्यात ही भर. संध्याकाळी ज्ञानदेव आला.

"केवढं पडलं?"

"एकोणीस."

त्याने रेल्वेचा सदरा खुंटीला अडकवला आणि पाठ फिरवून उभा राहिला. विषय राहिला तरी वर्ष जात नव्हतं, पुढच्या वर्गात बसता येत होतं. ए.टी.के.टी. म्हणतात त्याला. दिवाळीच्या अलीकडे तोच पेपर पुन्हा देऊन मोकळं होता आलं असतं. ललिता हे दोघांनाही सांगत होती आणि ऐकत कुणीच नव्हतं.

"मी आता जानार न्हाई कालिजात," सीमा म्हणाली. "उद्यापसनं म्हस मी बघते."

"दाव्याला हात लावायचा न्हाई," ज्ञानदेव म्हणाला.

"आन् का लावू नगं? माझी अक्कल तेवढीच हाय, आण्णा."

त्यानंतर बापाने लेकीशी बोलणं सोडलं. आणि मित्रांनो, माझा खरा अपमान इथून सुरू झाला. आजवर मी नुसती धमकी होते. आता ती धमकी खरी झाली. सीमा माझं दावं असं धरायची, जणू जन्मठेपेची बेडी. मला पाण्यावर नेताना ओढणीने तोंड झाकून घ्यायची. अगं, लाज वाटायची तर मला वाटायला हवी होती. मी फॅटमध्ये कधी नापास झाले नव्हते.

धीर द्यायला माणसंही येऊ लागली. माणसांना दुसऱ्याचा निकाल चाखायला आवडतो. शेजारची सोजराबाई सगळ्यात आधी आली.

"आगं, आमच्या भाच्यालाबी न्हाई झेपलं सायन्स. पोरीच्या जातीला कशाला ही उठाठेव? म्हशी राख निवांत."

एवढं बोलून तिने ताकाचा तांब्या रिकामा केला आणि तोंड पुसत गेली. ताक अर्थातच माझं.

धारही सीमाच काढू लागली, आणि तिची धार म्हणजे एक प्रकारची खुन्नस होती. कास धुतली न धुतली, बसली आणि लागली ओढायला. मी पान्हा सोडून नीट देऊ लागावं, तोवर हिचा हात भरून आलेला. हात दुखला की उठायचं, रेडकू सोडायचं आणि बादली उचलायची. मित्रांनो, दुधातलं खरं दूध शेवटच्या धारांत असतं. पहिल्या धारा पातळ, शेवटच्या सायीसारख्या. ललिता मधे वाईच थांबायची, कासेवर हात फिरवायची आणि त्या शेवटच्या धारा मागून घ्यायची. सीमा त्या माझ्याकडेच ठेवून जायची. त्या कोण पीत होतं ते माझ्या रेडकाकडे बघून आंधळ्यालाही कळलं असतं. महिन्याभरात ते ढमढोल झालं, आणि घरातले सगळे त्याचं कौतुक करत होते.

डेअरीत माझी फॅट घसरली. बाबुलालभाईंनी नळी उजेडाकडे धरून दोनदा पाहिली.

"लॅक्टोमीटर बराबर हाय पोरी, पानी न्हाई यात. पन फॅट पार बसली."

पाणी नाही, हे त्यांनी मोठ्याने सांगितलं, तरी सोजराबाईने गावभर पाणी घातलंच. ज्ञानदेवच्या कानावर गेलं तेव्हा तो ललिताला म्हणाला, "म्हस थकली. येत्या बाजारी काढा." आणि सीमा काय म्हणाली माहीत आहे? "व्हय, तिच्यात आता राहिलं न्हाई काई." ज्या पोरीला एका आकड्यावरून सगळ्यांनी मोडीत काढलं होतं, तिने मला एका आकड्यावरून मोडीत काढायला एक क्षण लावला नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, म्हणतात ते हेच. मला त्या दिवशी तिची कीव आली आणि रागही आला. जुनी म्हैस बाजारात गेली की पुढे कुठे जाते, ते मी तुम्हाला सांगत बसणार नाही.

बाजार दोन दिवसांवर असताना सीमाचा अंगठा सुजला. अंगठा मुडपून धार काढायची खोड, दुसरं काय होणार. सकाळी ललिता बसली. मी पान्हा सोडला, ती थांबली, मी पुन्हा दिलं. बादली नेहमीपेक्षा जास्त भरली. सीमा ती घेऊन डेअरीत गेली. मला पुढे चरायला न्यायचं होतं म्हणून डेअरीच्या दाराशी बांधलं होतं. म्हणून हे सगळं मी स्वतः पाहिलं.

"आज कुठली म्हस पिळली?" बाबुलालभाईंनी नळी बघत विचारलं.

"तीच की मामा."

"मग काल कुठली पिळली व्हती?"

सीमाने ती नळी स्वतःच्या हातात घेतली. महिन्याभरात प्रथमच तिच्या चेहऱ्यावर रडण्याखेरीज दुसरं काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आईला म्हणाली, "धार तू काढ, पन बाटल्या मी धरते." सुरुवातीच्या धारा तिने एका बाटलीत घेतल्या, अगदी शेवटच्या दुसरीत. दोन्ही डेअरीत नेल्या आणि दांडा स्वतः फिरवला, डाव्या हाताने. एका नळीत चरबीची रेघ कशीबशी दिसत होती. दुसरीत ती एवढी चढली की नळी पुरेना. एकाच म्हशीचं दूध, एकाच सकाळचं. ती दोन्ही नळ्या समोर धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मागे दूध घालायला आलेल्यांची रांग कुरकुरत होती.

चरायला नेताना ती बांधावर बसली आणि माझ्याशी बोलली. त्या दिवसांत तिचं ऐकून घेणारं दुसरं होतंच कोण.

"चंद्रे, थर्मोडायनॅमिक्स मी ऑप्शनला टाकलं व्हतं. समदी गणितंच त्यात. डोकं दुखाय लागलं की पुस्तक मिटायची. म्हणलं, बाकीच्यावर निघंल पेपर. न्हाई निघाला."

ऑप्शनला टाकणं म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं. अवघड धडा आला की तो सोडून द्यायचा आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. ही युक्ती कॉलेजात पिढ्यानपिढ्या चालते म्हणे. म्हणजे शेवटच्या धारा कासेत ठेवून उठायचं आणि वर म्हणायचं, म्हशीत काही राहिलं नाही. एवढी पुस्तकं वाचून ही हुशारी. आमच्यातलं रेडकूसुद्धा सड रिकामा झाल्याशिवाय तोंड काढत नाही.

मला बाजारात नेलं नाही. ज्ञानदेवला ललिताने फॅटची पावती दाखवली, तो हुंकारला आणि विषय मिटला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. सीमा पुन्हा एसटीत बसू लागली, बापापासून लांबच्या बाकावर. संध्याकाळी गोठ्यात पोत्यावर बसून गणितं करायची. तुम्हाला वाटत असेल, झाला साक्षात्कार, आता पोरगी भराभर सोडवू लागली. कसलं काय. तीच तीच गणितं चुकायची, पानं फाडायची, डोकं धरून बसायची. शेवटी लाज गुंडाळून ठेवून कॉलेजातल्या सरांना विचारायला लागली. फरक इतकाच, की डोकं दुखलं तरी उठायची नाही. वाईच थांबायची आणि पुन्हा बसायची.

पेपरच्या दिवशी ललिता निमोण्याला होती. रंगुबाई आजारी होती. सीमाने पहाटे माझी धार काढली, तीही शेवटच्या धारेपर्यंत. पेपर आहे म्हणून मला ऑप्शनला टाकलं नाही, हे मी नमूद करते. मग ती मला पाण्यावर न्यायला सोडू लागली, आणि तेवढ्यात लांबून एसटीचा आवाज आला.

ज्ञानदेव दारात उभा होता. त्या दिवशी त्याने रजा टाकली होती, का ते कुणाला सांगितलं नव्हतं. तो गोठ्यात आला आणि लेकीपुढे हात पसरला.

"दे हिकडं."

"आण्णा, तुमी?"

"यष्टी चुकंल. पळ."

त्याने दावं धरलं. धरलं चुकीचंच, एवढं लांब की मनात आणलं असतं तर मी त्याला उसाच्या फडात ओढून नेलं असतं. मनात आणलं नाही. आम्ही दोघं भर रस्त्याने निघालो आणि सोजराबाई ओट्यावर होतीच.

"का वो ज्ञानदेव, आज म्हशी राखताय?"

तो थांबला. मला वाटलं, आता मान खाली घालेल.

"व्हय," तो म्हणाला. "माझा बा बी राखायचा. माझ्या पोरीचा पेपर हाय."

मित्रांनो, सीमा त्या पेपरात पास झाली. पास होण्यापुरते मार्क आणि वर दोनचार, बस्स. पेढे कुणी वाटले नाहीत. ए.टी.के.टी. सुटल्याचे पेढे वाटायची रीत माणसांत अजून आलेली नाही. ती आधी गोठ्यात येऊन मला सांगून गेली. मी शेपटी तिच्या तोंडावर मारली, कारण माशी बसली होती.

आता मी आटले आहे, धारेला माझी लेक आहे. सीमा शिरूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि ज्ञानदेव निवृत्त झाल्यापासून मला पाण्यावर तोच नेतो. दावं अजून चुकीचंच धरतो. तुम्हाला सांगायचं ते एवढंच, की तुमचे मार्क पडले तर खुशाल रडा, पण माझ्या मानेवर नको. आणि उद्या तुमच्या घरात कुणी 'म्हशी राख' म्हणालं, तर त्याला माझ्याकडे घेऊन या. मी त्याला माझ्या लेकीच्या कासेखाली बसवते. बघू या, शेवटच्या धारेपर्यंत कोण टिकतं ते.