पुढच्या पायडलवरचे पाय

मी एक जोडसायकल बोलतेय. मला सीट दोन, पायडलच्या जोड्याही दोन, पण हँडल वळवायचं आणि ब्रेक दाबायचे ते फक्त पुढचीनं. मागचीनं तिची पाठ बघायची आणि पाय मारायचे. घडवणाऱ्यानंच असं घडवलं, त्याला मी तरी काय करू?

डोंगरातल्या द्राक्षबागांमधून पाहुण्यांना सायकलवर फिरवायचं, वाटेत वाइन चाखवायची आणि संध्याकाळी परत आणायचं, हा माझ्या मालकिणींचा धंदा. वडिलांनी दोघी बहिणींच्या नावावर ठेवलेला. ऑफिस थोरली बघायची, पाहुण्यांना धाकटी न्यायची. मग धाकटी आजारी पडली आणि वर्षभर अंथरुणाला खिळली. थोरलीनं सगळं हातात घेतलं. हातात आलेलं कुणाला सोडवतं?

धाकटी बरी होऊन आली. "ताई, पाहुण्यांना आता मी नेते."

"ने ना. पण आधी एक दिवस माझ्याबरोबर चल. जमलं तर काम तुझं, नाही जमलं तर हट्ट करायचा नाही. जोडसायकल घेऊ, म्हणजे मी आहेच पुढे."

केवढी ती माया! धाकटीच्या हेल्मेटचा पट्टासुद्धा तिनं स्वतः लावून दिला.

सपाटीवर दोघींचे पाय छान चालले. पहिला चढ लागला आणि थोरलीनं अंग काढून घेतलं. माझी पुढची-मागची पायडलं साखळीनं बांधलेली, मागचं फिरलं की पुढचंही फिरतं. त्यामुळे तिचे पाय वरखाली होत होते, पण त्यात जोर चिमूटभरही नव्हता. ती आयती बसलेली आणि तिचं सगळं वजन मागच्या पोरीवर. हे फक्त मला कळत होतं.

"ताई, फार जड जातंय गं."

"मी ओढतेय ना. तू नुसते पाय ठेव."

जिभेला काही हाड!

दुपारी एका वाइनरीत थांबलो. थोरली सावलीत बसून दोन पेले प्यायली आणि तिथल्या ओळखीच्या मॅनेजरला म्हणाली, "हिला मीच ओढत आणलंय. बिचारीत जीवच राहिला नाही." धाकटी बाकावर मांड्या चोळत बसली होती. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली. मला असा संताप आला म्हणता! पण माझ्याकडे एक घंटी तेवढी, आणि तीही पुढचीच्याच हाताशी.

शेवटच्या चढावर धाकटीनं दातओठ खाऊन पाय मारले. एकटीनं मारले. माथा हाकेच्या अंतरावर आला, तेव्हा थोरलीनं हळूच मागच्या चाकाचा ब्रेक दाबून धरला. ब्रेक माझाच. म्हणजे त्या पोरीला मीच अडवलं.

ती खाली उतरली. "ताई, तुझंच बरोबर होतं. मला नाही झेपणार."

थोरलीनं तिला पोटाशी धरलं. "प्रयत्न केलास ना, तेवढं पुरे."

आता मी शेडमध्ये छताला टांगलेली आहे, चाकं अधांतरी. धाकटी इथंच पाहुण्यांची हेल्मेटं पुसते. काल ती माझ्याजवळ आली आणि माझं मागचं पायडल हातानं फिरवू लागली. पुढचंही फिरायला लागलं, त्यावर कुणाचा पाय नसताना. मी जीव तोडून फिरले. अगं, पुढे बघ! पाय फिरतोय म्हणजे तो ओढतोय असं नाही गं बाई!

ती खरंच पुढच्या पायडलकडे बघत राहिली.

"किती हलकी आहे ही," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि एवढीसुद्धा मला ओढवली नाही."

मग तिनं पायडल हातानं थांबवलं आणि ती पुन्हा हेल्मेटं पुसायला गेली.