बावीस पावलांचं पाणी

मी एक पेला बोलतोय. स्टीलचा, बुटका, कडेला पोचा आलेला. माझ्यात चार घोट पाणी मावतं, पाचवा सांडतो. दुकानात आम्ही डझनभर भावंडं एकात एक घुसून बसलो होतो आणि गिऱ्हाइकांचे हात मोठ्या पेल्यांकडेच जायचे. एक दिवस एक बाई आल्या. मला तळहातावर घेऊन म्हणाल्या, "याहून लहान नाही का?"

दुकानदार हसला. "अहो, हा लहान बाळासाठी आहे."

"मग बरोबर. आमचं बाळ बासष्ट वर्षांचं आहे."

ते बाळ म्हणजे त्यांचे यजमान. छापखान्यात पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. एखादी वेलांटी चुकली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे, म्हणून सगळे त्यांना कानामात्रा म्हणत. निवृत्त झाल्यावर काम त्यांच्यामागे घरी आलं. सकाळी खुर्चीत बसले की जेवायला उठायचे, जेवून पुन्हा बसायचे. बाई शाळेत खेळ शिकवायच्या. मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणायची. भाजी निवडतानासुद्धा त्यांच्या टाचा वर-खाली चालू असायच्या.

कानामात्रांना फिरायला चला म्हटलं की "उद्यापासून" हे उत्तर ठरलेलं. शेवटी बाईंनी नाद सोडला आणि डोकं लढवलं. टेबलावरचा मोठा तांब्या उचलून तिथे मला ठेवलं. शब्दकोश बाहेरच्या खोलीतल्या फडताळात गेला. फोनची वायर दाराजवळ गेली, म्हणजे बोलायचं तर उभं राहूनच.

"अगं, चार घोटांत काय होतंय?"

"संपलं की उठा आणि भरून आणा. माठापर्यंत बावीस पावलं आहेत, मी मोजलीत. जाऊन-येऊन चव्वेचाळीस. वेगळा व्यायाम नको, वेगळे कपडे नकोत. नुसती तहान लागू द्या."

ते कुरकुरत उठायचे. मला मात्र त्या फेऱ्या फार आवडायच्या. टेबलावरून निघायचं, बाईंच्या शिवणाच्या मशीनला वळसा घालायचा, माठाच्या तोटीखाली थांबायचं. येताना बाई काहीतरी विचारायच्या, ते काहीतरी सांगायचे. एकदा दोघं "दीर्घ" शब्द कसा ऐकू येतो यावर भांडत उभे राहिले आणि मी भरलेला तसाच ओट्यावर राहिलो.

हे सात-आठ महिने चाललं असेल. मग एक जाडजूड ग्रंथ तपासायला आला आणि छापखान्याची घाई सुरू झाली. त्यात शब्दकोश दूर, फोन दूर, पाणी दूर. एका दुपारी ते भडकले.

"मी काय तुझ्या शाळेतला पोरगा आहे? शिट्टी वाजली की धावायला?"

संध्याकाळी कानामात्रांनी दोन लिटरची बाटली आणून टेबलावर ठेवली. बाईंनी मला घासलं, पुसलं आणि वरच्या फळीवर उपडं ठेवलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. राग नव्हता त्यात. खूप वर्षं समजावून दमलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

फळीवरून घरातलं सगळं दिसतं, बाहेरचं कानावर येतं. कानामात्रांचं पोट पुढे आलं. बुटाची नाडी बांधताना ते श्वास रोखून धरायला लागले. तिसरा मजला चढायला त्यांना दोन ठिकाणी थांबावं लागायचं, आणि थांबल्यावर ते उगीच शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचत बसायचे. बाई भरल्या पिशव्या घेऊन त्यांच्या पुढे निघून जायच्या.

अशी दोन वर्षं गेली. मग बाईंच्या हातून एकदा ताट सुटलं. नंतर चहाचा कप. शाळेत शिट्टी तोंडापर्यंत नेताना हात थरथरला. पुढे सपाट रस्त्यावर पाय अडखळू लागला. त्या म्हणायच्या, "वय झालं." कानामात्रा कागदातून मान वर न करता म्हणायचे, "दाखवून ये एकदा."

त्या दाखवून आल्या. सोबत लेक गेली होती. लेक चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करते, बोलायला सडेतोड. पण त्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाबा, आईच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरतायत. यावर औषध नाही म्हणाले."

कानामात्रांच्या हातात लाल पेन होतं. त्यांनी त्याचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

वर्षाच्या आत बाईंचं चालणं थांबलं. भाड्याने पलंग आणला, डोक्याकडून वर होणारा. हातांत जोर उरला नाही. कप जड व्हायला लागला, काचेचा ग्लास जड व्हायला लागला. तेव्हा कानामात्रांनी फळीवर हात फिरवला आणि मला खाली काढलं. मीच सगळ्यात हलका होतो.

बाईंनी मला ओळखलं. हसल्या. "आला का परत?"

त्यांना एका वेळी दोन घोटांपेक्षा जास्त गिळता येत नसे. जबरदस्ती केली की ठसका लागायचा. म्हणून कानामात्रा थोडंसं पाणी आणायचे, थोड्या वेळाने पुन्हा थोडंसं. पाणी, मग औषध, मग ओला रुमाल, मग उशी, मग खिडकी उघडायची, मग ऊन आलं म्हणून बंद करायची. दिवसभर ते उभेच. छापखान्याला त्यांनी सांगून टाकलं, "आता काम पाठवू नका."

दवाखान्यातून येणाऱ्या ताईंनी त्यांना बाईंचे हातपाय हलवायचे व्यायाम दाखवले होते. ते रोज सकाळी बाईंचा हात वर न्यायचे, खाली आणायचे, मोजायचे. बाई म्हणायच्या, "माझे झाले. आता तुमचे." मग पलंगाचा कठडा धरून कानामात्रा गुडघ्यातून बसायचे आणि उठायचे. पुढे बाईंचं बोलणं घोगरं झालं, नंतर कळेनासं झालं, तेव्हा त्या पापण्या मिटून मोजायला लागल्या. दहा व्हायचे तरी थांबायच्या नाहीत. अकरावी पापणी, बारावी पापणी.

"झाले ना गं दहा! लबाडी करू नको."

बाईंचे डोळे हसायचे. आणि हा माणूस अकरावी बैठक मारायचा.

एकदा औषध संपलं. कानामात्रा खाली पळाले, घेऊन वर आले. बाटलीचं बूच फिरवताना त्यांच्या लक्षात आलं की बाई टक लावून बघतायत. तेव्हा त्यांना थोडंथोडं बोलता येत होतं. एकेक अक्षर जुळवत त्या म्हणाल्या, "दम... नाही लागला."

खरंच नव्हता लागला. तीन मजले ते न थांबता चढले होते. सदरा खांद्यावर सैल झाला होता. पोट गेलं होतं. कानामात्रा बूच हातात धरून म्हणाले, "हे असं नव्हतं गं करायचं मला. तू म्हणत होतीस तेव्हाच..."

बाई म्हणाल्या, "पास." तो त्यांनी स्पष्ट उच्चारलेला शेवटचा शब्द. निदान मी ऐकलेला.

त्या गेल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बाहेर भाजीवाला ओरडत होता. कानामात्रांनी त्यांचे ओठ ओले केले, मला घेऊन माठाकडे गेले, दोन घोट भरले आणि परत आले. रेंगाळले नाहीत कुठे. गेले आणि आले. तेवढ्यात सगळं झालं होतं. ते मला धरून पलंगाशी उभे राहिले. पाणी सांडू नये म्हणून किती जपून धरलं होतं त्यांनी मला!

पलंग परत गेला. खोलीत चार पायांचे चार ठसे उरले. कानामात्रा खुर्चीत बसले ते बसलेच. ती दोन लिटरची बाटली पुन्हा टेबलावर आली, लेकच भरून ठेवायची. शब्दकोश जागचा हलला नाही. कुठलीच शंका पडत नव्हती त्यांना आता. पाय सुजले. डॉक्टर लेकीवर ओरडले.

"बाबा, चालायला हवं. घरातल्या घरात तरी."

"कुणाकडे?"



लेकीने त्यांच्या पायांपाशी बसून बुटाच्या नाड्या बांधल्या. मला खिडकीत ठेवून त्यांना हाताला धरून खाली नेलं. मी वरून बघत होतो. इमारतीभोवती एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत कानामात्रा लावलेल्या स्कूटरींच्या ओळीजवळ थांबले, एका सीटवर हात टेकला आणि रडले. अंत्ययात्रेतही ते रडले नव्हते. लेकीने त्यांना उगी केलं नाही. ती शेजारी उभी राहिली. पुष्कळ वेळाने ते निघाले आणि तिसरी फेरी चालले.

वर आले तेव्हा घामाघूम झाले होते. लेक बाटली घेऊन आली. त्यांनी मान हलवली, खिडकीतून मला घेतलं, माठाखाली धरलं. दोन घोट प्यायले आणि थांबले. उरलेले दोन घोट कुणाला द्यायचे ते त्यांना कळेना.

आता ते रोज तीन फेऱ्या मारतात. पायांची सूज उतरली आहे. डॉक्टर खूश आहेत. ते स्वतः खूश आहेत असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? चालण्याने त्यांचं दुःख हललेलं मी पाहिलेलं नाही. ते फक्त चालतायत.

मी आता त्यांच्या टेबलावर असतो. पोचा आणखी खोल गेला आहे, तळ झिजला आहे. माझं काही मागणं नाही. पण तुमच्या घरात कुणी तुम्हाला सारखं खुर्चीतून उठवत असेल, पाणी लांब ठेवत असेल, जिन्यानेच या म्हणत असेल, तर चिडू नका. हे पान संपू दे, असंही म्हणू नका. आत्ता उठा, आणि पलीकडच्या खोलीत ते माणूस काय करतंय, जरा बघून या.